सायकलचं ट्यूबलेस आणि 'रेडी' शब्दाची भानगड

पाम बीच रोडला रविवारी सकाळी चार सायकलवाले चहाला थांबले की ट्यूबलेस घ्यावं का नाही हा वाद निघतोच. अर्धा गोंधळ स्कूटरमुळे आहे. स्कूटरचा टायर स्वतःच हवा धरतो, पंक्चरवाला रबराची पट्टी खुपसून देतो, विषय संपला. सायकलचंही तसंच असेल असं वाटतं.

1999 मध्ये माउंटन बाइकसाठी जी ठरलेल्या मापाची सिस्टिम आली ती खरंतर तशीच होती, रिमच्या आत स्पोकची भोकं नाहीत, टायरला आतून हवाबंद थर, सीलंटची (आत ओतायचं, भोकं बुजवणारं पातळ द्रव) गरज नाही, पण टायर जड आणि महाग. मग लोकांनी साध्या रिमला टेप मारून आत लॅटेक्सचं सीलंट ओतायला सुरुवात केली, आणि तो जुगाड इतका चालला की कंपन्यांनीच उचलला. तिथून आलं 'ट्यूबलेस रेडी'. माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला. रेडी म्हणजे टायरची कड ट्यूबलेसच्या मापाची, पण टायर एकटा नीट हवा धरेलच असं नाही, ते काम सीलंटचं. ते आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकायला लागतं, परत ओता. शिवाय अशा बऱ्याच सायकली दुकानातून आत ट्यूब घालूनच येतात! माझ्या रिमवर ठळक स्टिकर होता, दुकानदार काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. घोडबंदर रोडला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी तार घुसली, टायर उघडला तर आत ट्यूब.

रोड बाइकला हे 2006 च्या आसपास आलं आणि तिथे अजून तंटा चालू आहे, कारण आता हुक नसलेली, म्हणजे टायरची कड अडकवून धरणारी आत वळलेली धार नसलेली, रिम आली. ती बनवायला सोपी, पण हवा जास्तीत जास्त 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय, आणि आपल्याकडे 100 भरायची सवय असलेले कमी नाहीत. 2024 मध्ये एका मोठ्या रेसमध्ये असा टायर रिमवरून निघाला आणि रायडर पडला, तेव्हापासून वाद जास्तच पेटलाय.

येऊरच्या वाटेवर 40 मिमीचा टायर 35-40 पीएसआयला चालवा, काटा लागला तरी सीलंट बहुतेक वेळा भोक बुजवतं, तिथे ट्यूबलेसला तोड नाही. 25 मिमीला 90 भरली की तेच सीलंट पिचकारीसारखं फ्रेमवर उडतं, आणि सुटी ट्यूब सॅडलबॅगमध्ये लागतेच.