शहर बससेवेचे कार्यक्षमता-मूल्यमापन

शहर बससेवेचे कार्यक्षमता-मूल्यमापन : हाती असलेल्या गाड्या, कर्मचारी, इंधन आणि पैसा यांच्या बळावर एखादा परिवहन उपक्रम शहराला किती व कशी सेवा पुरवतो, हे मोजण्याची पद्धत. भारतात हा हिशेब मुख्यतः आगारातील रोजच्या नोंदींवर मांडला जातो. ताफ्यातल्या किती गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर आल्या, प्रत्येक गाडी दिवसाकाठी किती किलोमीटर धावली, दर बसमागे किती कर्मचारी आहेत, दहा हजार किलोमीटरमागे किती वेळा गाडी बंद पडली, प्रति किलोमीटर उत्पन्न आणि खर्च किती, ही नेहमीची मापे होत. गाडी आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत रिकामी जाते ते किलोमीटर वेगळे धरावे लागतात, कारण त्यांत डिझेल जळते, तिकीट मात्र फाटत नाही.

या मापांपैकी सर्वांत जास्त सांगितले जाणारे आणि तितकेच फसवे माप म्हणजे भारमान. प्रवाशांनी केलेले एकूण किलोमीटर आणि गाडीतील आसनांनी कापलेले एकूण किलोमीटर यांचे ते शेकडा प्रमाण असते. चाळीस आसनांची एक गाडी सकाळी उपनगरातून साठ प्रवासी घेऊन निघाली आणि परतीच्या फेरीत तिला चारच मिळाले, असे समजू. सगळे शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून भारमान ८० टक्के भरते आणि कागदावर मार्ग उत्तम ठरतो. प्रत्यक्षात सकाळच्या फेरीत वीसजण उभे असतात, आणि दारातूनच मागे फिरलेल्यांची नोंद तर कोणत्याच तक्त्यात होत नाही.

प्रवाशाचे मोजमाप थांब्यावर सुरू होते. तासाला सहा गाड्या बरोबर दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने वीस मिनिटांनी आल्या की सरासरी दहा मिनिटांवर जाते; पुढची बस खच्चून भरते आणि मागची जवळजवळ मोकळी धावते. गाड्या, चालक, किलोमीटर यांत काहीच फरक पडलेला नसल्याने आगाराच्या नोंदवहीला या घटनेचा पत्ताही लागत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ च्या सुमारास ठरवलेल्या सेवास्तर मानकांत सरासरी प्रतीक्षाकाळाला स्थान मिळाले, ही म्हणून महत्त्वाची सुधारणा होय. मात्र त्याच मानकांत एका आसनामागे दीड प्रवासी इथवरची गर्दी सर्वोत्तम श्रेणीत बसते, यावरून अपेक्षा किती माफक आहेत हे कळते.

उपक्रमांची किंवा आगारांची परस्पर तुलना करताना संशोधक १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस ही गणिती पद्धत बरेचदा वापरतात. तीत अनेक साधने (गाड्या, कर्मचारी, इंधन) आणि अनेक फलिते (त्यांतून मिळालेली सेवा) एकत्र धरून गटातील सर्वोत्तमांशी इतरांची तुलना होते. फलित म्हणून धावलेले किलोमीटर घ्यायचे की प्रवासी, यावर क्रमवारी पालटू शकते.

मुंबईतील बेस्टच्या उदाहरणात हा पेच स्पष्ट दिसतो. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले. प्रवासी झपाट्याने वाढले, पण दर प्रवाशामागचे उत्पन्न घटले. सार्वजनिक सेवा म्हणून पाहणाऱ्याला ही कार्यक्षमतेतील वाढ वाटते, तर ताळेबंद पाहणाऱ्याला तुटीची वाढ. मे २०२५ मध्ये हेच भाडे दहा रुपये झाले.

बसच्या वेगाकडे मूल्यमापनात सहसा दुर्लक्ष होते. जाऊन-येऊन साठ मिनिटे लागणाऱ्या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस सोडायला सहा गाड्या पुरतात. वाहतूक कोंडीने तोच फेरा नव्वद मिनिटांचा झाला, तर नऊ गाड्या लागतात, किंवा सहा गाड्यांतच भागवल्यास बस दर पंधरा मिनिटांनी येते. खाजगी गाड्यांनी अडवलेल्या रस्त्याचा हा खर्च शेवटी बस उपक्रमाच्याच नावे पडतो. पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखून बीआरटीचा (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे जलद बससेवेचा) प्रयोग झाला, तो हाच वेळ वाचवण्यासाठी.