साचे मोजके, विषे अनेक

सापाचे विष वाळवले की उरलेल्या भुकटीत ९० टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि पेप्टाइडे (प्रथिनांसारख्याच, पण आखूड साखळ्या) असतात. एका सापाच्या विषात ती डझनावारी सापडतात, पण सारख्या घडणीच्या कुळांनुसार लावली तर बहुतेक भाग तीन-चार कुळांतच बसतो. विषाची विविधता कळते ती याच कुळांच्या आत शिरल्यावर.

नाग आणि मण्यार यांच्या विषातली ‘तीन बोटांची’ प्रथिने पाहा. लांबी जेमतेम ६० ते ७५ अमिनो आम्ले. चार-पाच डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या अणूंमधल्या दुव्यांनी) आवळलेला गाभा आणि त्यातून निघालेली तीन बोटे. गाभा जवळपास तोच राहतो, बोटांवरची अमिनो आम्ले मात्र बदलतात आणि कामच पालटते. ॲसिटिलकोलीन हे चेतातंतूचा निरोप स्नायूला पोहोचवणारे रसायन. एक प्रथिन ते झेलणाऱ्या स्नायूवरच्या ग्राहीलाच चिकटते, त्यामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दुसरे पेशींचे पटल फाडते. नागदंशाच्या जागची ऊती सडते त्यात त्याचा मोठा वाटा. मांबाच्या विषातले तिसरे ॲसिटिलकोलीन मोडणारे एन्झाइमच बंद पाडते, मग स्नायू थरथरत राहतात.

फॉस्फोलायपेज ए२, म्हणजे पेशीपटलातली स्निग्ध द्रव्ये तोडणारी एन्झाइमे, हे दुसरे मोठे कूळ. नाग-मण्यार गटातली ही प्रथिने स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमाची नातलग आहेत. मण्यारीच्या बीटा-बंगारोटॉक्सिनमध्ये अशा एन्झाइमाला एक छोटी साखळी जोडलेली असते. ती त्याला चेतातंतूच्या टोकाशी नेऊन पोहोचवते आणि तिथे ते टोकच उद्ध्वस्त होते. नागाच्या विषाने ग्राही अडले असतील तर ॲसिटिलकोलीन मोडू न देणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. इथे ॲसिटिलकोलीन सोडणारे टोकच उरत नाही, म्हणून ते औषध सहसा लागू पडत नाही. उशिरा दिलेले प्रतिविषही झालेले नुकसान भरून काढत नाही. टोके पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवावे लागते.

घोणसीची तऱ्हा वेगळी. तिच्या विषात प्रथिने कापणारी एन्झाइमे असतात. त्यांतले एक मेटॅलोप्रोटिनेज (धातूच्या अणूवर चालणारे) रक्तातला दहावा गोठणघटक जागा करते, एक सेरीन प्रोटिएज (सेरीन या अमिनो आम्लावर चालणारे) पाचवा. रक्त जागोजागी गोठू लागते, त्यात गुठळीचे धागे बनवणारे फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि शेवटी गोठायला काही उरतच नाही. रुग्णाच्या खाटेशी हे तपासायला २ मिली ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त पातळच असेल तर गोठणे बिघडले आहे. प्लॅस्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी वापरली तर निरोगी रक्तही पातळ राहू शकते आणि निदान चुकते.

प्रयोगशाळेत पहिली अडचण ही की विष स्वतःलाच पचवू शकते. ग्रंथीत आम्लता आणि सायट्रेट हे रसायन यांमुळे एन्झाइमे निपचित असतात. बाहेर विष पातळ झाले की ती जागी होतात. म्हणून विष काढल्याबरोबर गोठवून निर्वातात वाळवतात. नंतर ते सी-१८ स्तंभावर (प्रथिने धरून ठेवणाऱ्या कणांनी भरलेल्या नळीत) चढवून ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले की प्रथिने वेगळी होतात: तीन बोटांची लवकर, मेटॅलोप्रोटिनेजे शेवटी. मात्र या आम्ल-द्रावकात मोठी एन्झाइमे आपली घडण गमावतात. त्यांची क्रिया मोजायची असेल तर सौम्य स्तंभ वापरायला हवा, उदाहरणार्थ आकारमानानुसार वेगळे करणारा. अनेक सापांचे विष एकत्र केले तर आणखी एक गोष्ट हातची जाते: एकाच जातीच्या पिल्लात आणि मोठ्या सापात, किंवा दोन प्रदेशांतल्या सापांत, असलेला फरक दिसेनासा होतो.

टक्केवारीवरून धोका ठरवणे तर फारच फसवे. विषात थोडेच असलेले प्रथिनही जीव घेऊ शकते. त्यात प्रतिविष बनवायला विष घोड्याला टोचतात, आणि लहान प्रथिनांविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे कमी बनतात, मोठ्यांविरुद्ध भरपूर. त्यामुळे प्रतिविषातली बरीच प्रतिपिंडे विषाला घट्ट धरतात, पण मारक विषाला रोखणारी त्यांतली थोडीच असतात.