गैरहजर विद्यार्थी पास कसा होतो?

कॉम्प्युटरनं काढलेला निकाल चुकत नाही, आणि फॉर्म्युला चुकला असता तर एरर आलीच असती, ही समजूत फार पक्की आहे. ती एका ओळीत तपासता येते. एक्सेलच्या बी२ सेलमध्ये गुणांऐवजी ‘गैरहजर’ लिहा आणि शेजारी हा फॉर्म्युला टाका (टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी):

=इफ(बी२>=३५,"पास","नापास")

उत्तर येतं ‘पास’. एरर नाही, इशारा नाही.

इफला तीन गोष्टी लागतात: अट, ती खरी असेल तर काय, खोटी असेल तर काय. पण निवाडा इफ करत नाही. त्याच्या हाती ट्रू किंवा फॉल्स येतं आणि तो त्याप्रमाणे वाट धरतो. निवाडा होतो तो >= या चिन्हापाशी, आणि एक्सेल शिकवताना सगळ्यात कमी वेळ याच चिन्हाला मिळतो.

शब्द आणि संख्या यांची तुलना कशी करणार, असं आपल्याला वाटतं. एक्सेल मात्र ती नाकारत नाही. त्याची एक ठरलेली उतरंड आहे: सगळ्यात खाली संख्या, त्यांच्यावर मजकूर, त्यावर फॉल्स आणि सगळ्यात वर ट्रू. एकाच कॉलममध्ये हे सगळं मिसळून चढत्या क्रमानं सॉर्ट केलं तर हाच क्रम डोळ्यांना दिसतो. म्हणून ‘गैरहजर’ ३५ पेक्षा मोठा, आणि ३५ लाखांपेक्षाही.

याहून घातक म्हणजे मजकूर म्हणून बसलेला आकडा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या यादीत २८ असा येऊ शकतो. बेरजेचं चिन्ह त्याला निमूट संख्या करून घेतं; बी२+० लिहिलं की २८ मिळतात. तुलनेचं चिन्ह तसं करत नाही. त्याच्या लेखी हा शब्दच, म्हणून २८ गुणांचा विद्यार्थी पास! रिकामा सेल मात्र शून्य धरला जातो आणि नापास ठरतो.

हीच उतरंड आणखी एका ठिकाणी आडवी येते. गणिताच्या सवयीनं आपण ३५<=बी२<=१०० लिहितो. एक्सेल आधी डावा भाग सोडवतो, त्याचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स, आणि मग त्या उत्तराची १०० शी तुलना करतो. ट्रू आणि फॉल्स दोन्ही उतरंडीत संख्यांच्या वरचीच, त्यामुळे गुण कितीही असोत, अट कायम फॉल्स. इथे अँड(बी२>=३५,बी२<=१००) हवं.

श्रेणी ठरवायला एकात एक इफ घालताना मोठ्या गुणांकडून लहान गुणांकडे असा क्रम सांभाळायचा: ७५, ६०, ४५, ३५. पहिली खरी अट सापडली की पुढचं वाचलंच जात नाही. एक्सेल २००७ पासून असे ६४ थर चालतात, त्याआधी सातच चालत.

हल्ली एआय फॉर्म्युला लिहून देतं, आता शिकायची गरज नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. फॉर्म्युला अगदी बिनचूक मांडलेला असला, तरी कॉलममध्ये कुणी काय भरलंय ते पाहिल्याशिवाय तो पुरेसा आहे का हे ठरत नाही.

उपाय छोटा आहे. आधी प्रकार तपासायचा (इझनंबर, म्हणजे ISNUMBER, सेलमध्ये संख्या आहे का ते सांगतो), मग तुलना:

=इफ(इझनंबर(बी२),इफ(बी२>=३५,"पास","नापास"),"तपासा")

आणि निकाल लावण्यापूर्वी पाच किमती घालून बघायच्या: ३४, ३५, रिकामा सेल, ‘गैरहजर’ आणि आधी ' हे चिन्ह देऊन, म्हणजे मजकूर म्हणून, टाइप केलेले २८.