सर्व्हरला कुलूप कुठे लावायचं?

सर्व्हरचं बटण दाबलं की आधी पंखे ऐकू येतात. सगळे एकदम पूर्ण वेगाने फिरतात, शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि थोड्या वेळाने तो आवाज हळूहळू उतरतो. आवाज उतरला म्हणजे मशीनमधलं कोणीतरी जागं झालं, त्याने तापमान पाहिलं आणि पंखे ताब्यात घेतले. विंडोज किंवा लिनक्स त्या वेळी डिस्कवर निजलेलंच असतं. त्याच्याही आधी उठतं ते फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेला प्रोग्रॅम. त्यातल्या सेटिंग आणि त्याचे पासवर्ड एकदा नीट समजून घेतले, तर पुढचे अनेक मनस्ताप टळतात. मी हे उशिरा शिकलो, ते पुढे सांगतोच.

वीज मिळाली त्या क्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. रॅम किती आहे, डिस्क कुठे आहे, कीबोर्ड जोडलाय की नाही, काही नाही. त्याला एक सवय मात्र जन्मजात असते: एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथली पहिली आज्ञा पाळायची. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे आहे. एवढ्याशा जागेत ‘अमुक ठिकाणी जा’ यापलीकडे फारसं काही मावत नाही. तिथून उडी मारून प्रोसेसर फर्मवेअरच्या मुख्य भागात येतो आणि घर आवरायला लागतो. रॅमच्या प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवून घेणं हे त्यातलं सगळ्यात किचकट काम. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पट्ट्या जितक्या जास्त, तितका वेळ जास्त. मोठ्या सर्व्हरमध्ये यालाच काही मिनिटं लागतात आणि स्क्रीन काळीच राहते. नवीन माणसाला वाटतं मशीन हँग झालं, तो बटण दाबून बंद करतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. अशा वेळी हात मागे ठेवून वाट पाहावी.

या फर्मवेअरला लोक अजूनही बायोस म्हणतात. हा शब्द सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून आला. आजच्या सर्व्हरमध्ये असतं ते यूईएफआय नावाचं नव्या पद्धतीचं फर्मवेअर, पण बोलण्यात बायोसच राहिलं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सेटिंग करायची तर झाकण उघडून मदरबोर्डवरचे बारीक स्विच टोकाने सरकवावे लागत. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एक घड्याळ-चिप आली. तिच्यात ६४ बाइट स्मृती होती. त्यातल्या १४ घड्याळाला लागत आणि उरलेल्या ५० मध्ये मशीनच्या सेटिंग राहत. वीज गेली तरी त्या पुसू नयेत म्हणून बॅटरी. आज प्रत्येक मदरबोर्डवर दिसणारा रुपयासारखा गोल सेल हा त्याच वंशातला. सीआर २०३२ हे त्याचं नावच मोजमाप सांगतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२.

‘सेल काढा, पाच मिनिटांनी घाला, पासवर्ड गेलेला असेल’ हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय याच रचनेतून आला आणि जुन्या पीसीवर तो चालायचाही. आताच्या सर्व्हरमध्ये पासवर्ड आणि बहुतेक सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, त्यांना सेलची गरज नाही. सेल काढून हाती काही लागत नाही, घड्याळ तेवढं मागे जातं. तेही किरकोळ समजू नये. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि लॉगमधल्या नोंदींचा क्रम बिघडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय ते यासाठीच.

आता आत शिरू. उदाहरणाला डेल कंपनीचा पॉवरएज हा सर्व्हर घेतो, कारण माझा हात त्यावरच बसलाय. इतर कंपन्यांत नावं बदलतात, गोष्टी बहुतेक त्याच. सुरू होताना एफ२ दाबलं की सिस्टम सेटअप उघडतं. यादी लांबलचक आहे आणि बहुतेक सेटिंगना हात लावायचं कारण नसतं. पण काही ठिकाणी थांबायला हवं.

मेमरीचं सेटिंग घ्या. सर्व्हरच्या रॅममध्ये डेटाच्या बिटांसोबत काही जादा बिट असतात. त्यांच्या आधारे एक बिट उलटा झाला तर तो जागीच दुरुस्त होतो आणि दोन उलटे झाले तर निदान कळतं. त्यापलीकडे मिररिंग नावाचा पर्याय आहे. त्यात प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते, म्हणून ६४ जीबी बसवली तरी वापरायला ३२च मिळते. हे कोणीतरी चालू केलेलं असतं, पुढच्याला माहीत नसतं, आणि ‘निम्मी रॅम खराब झाली’ म्हणून नव्या पट्ट्या मागवल्या जातात. पैसे खर्च करायच्या आधी या एका ओळीवर नजर टाकावी.

बूट मोड, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम कोणत्या पद्धतीने उठवायची ते सेटिंग, हे त्याहून धोक्याचं. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कचा नकाशा ३२ बिटांच्या आकड्यांत लिहिला जायचा. ५१२ बाइटचा एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक कप्पा, धरला तर ही मोजणी २ टीबीशी संपते. यूईएफआयसोबत आलेल्या जीपीटी नकाशाला ती अडचण नाही. पण ऑपरेटिंग सिस्टम ज्या मोडमध्ये बसवली, त्याच मोडमध्ये ती उठते. चालू सर्व्हरवर हे एक सेटिंग बदललं की स्क्रीनवर ‘बूट करायला काही सापडलं नाही’ असा निरोप येतो. डेटा जागच्या जागी असतो, फक्त फर्मवेअर चुकीच्या दारात शोधत असतं. घाबरून नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याने मात्र तो डेटा खरोखरच घालवलेला असतो.

प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्या, म्हणजे सी-स्टेट, बहुतेकांनी आहेत तशाच ठेवाव्यात. प्रोसेसरमधला रिकामा बसलेला कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग, डुलकी घेतो, वीज वाचते. उठायला त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. शेअर बाजारातल्या संगणकीय सौद्यांसारख्या ठिकाणी तेवढाही उशीर परवडत नाही, म्हणून तिथे त्या बंद करतात.

आपल्याकडच्या सर्व्हरसाठी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सेटिंग म्हणजे एसी पॉवर रिकव्हरी. वीज जाऊन परत आली तर मशीनने काय करायचं? बंदच राहायचं, सुरू व्हायचं, की आधी ज्या स्थितीत होतं तिथे जायचं? त्याखाली किती उशिराने हेही ठरवता येतं. एका रॅकमधले, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटातले, सगळे सर्व्हर एकाच क्षणी उठले तर एकदम मोठा करंट ओढला जातो, म्हणून प्रत्येकाने थोडं मागेपुढे उठावं हा त्यातला विचार.

या सेटिंगची आणि पासवर्डची गाठ कशी पडते ते मला एका पतसंस्थेत कळलं. तालुक्याच्या गावातली संस्था, तिचा एकुलता सर्व्हर माझ्याकडे सांभाळायला. तपासणीच्या यादीत ‘स्टार्टअप पासवर्ड’ अशी ओळ होती. मी सेटअपमध्ये गेलो, सिस्टम पासवर्ड लावला आणि यादीवर खूण केली. जूनच्या एका रात्री वादळी पाऊस झाला. वीज गेली, यूपीएस संपला, पहाटे वीज आली. मशीन सांगितल्याप्रमाणे आपलं आपण सुरू झालं आणि पासवर्ड विचारून थांबलं. सकाळी सव्वानऊला फोन आला.

“सर, मशीन चालू आहे, पण काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागतंय. आमचा टाकला, घेत नाही.”

“तुमचा म्हणजे कोणता?”

“रोजचाच, विंडोजचा. तीनदा टाकला. आता ‘सिस्टम हॉल्टेड’ म्हणतंय.”

पॉवरएजला तीन चुकीचे पासवर्ड मिळाले की तो तिथेच थांबतो, आणि बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय पुढची संधी देत नाही. त्या दिवशी ते सगळं फोनवर समजावून सांगावं लागलं. तोवर काउंटरपाशी रांग लागली होती आणि पिग्मी एजंट आपली मशीन हातात घेऊन बसले होते. दवाखान्यासाठी ठेवीतले पैसे काढायला आलेल्या एक आजी त्या रांगेत होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी सर्व्हरवर सिस्टम पासवर्ड लावलेला नाही.

मी ज्यात चुकलो तो फरक असा. सेटअपच्या सुरक्षेच्या पानावर दोन पासवर्ड असतात. सिस्टम पासवर्ड लावला तर तो टाकल्याशिवाय मशीन ऑपरेटिंग सिस्टमपर्यंत जातच नाही. सेटअप पासवर्ड लावला तर मशीन नेहमीसारखं सुरू होतं, फक्त सेटिंग बदलायच्या वेळी तो विचारला जातो. पहिला घराच्या दाराला, दुसरा घरातल्या कपाटाला. दोन्ही लावले असतील तर सेटअप पासवर्ड सिस्टम पासवर्डच्या जागीही चालतो. सर्व्हरने माणूस जवळ नसताना, रात्री-अपरात्री, स्वतःहून उभं राहायचं असतं. त्याच्या दाराला असं कुलूप लावलं की जे उघडायला माणूसच लागतो, तर ते सर्व्हरचं कामच अडवतं. प्रवासात फिरणारा लॅपटॉप किंवा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गाडीने जाणारा सर्व्हर यांना तो जरूर लावावा. जागेवर बसलेल्या सर्व्हरला सेटअप पासवर्ड हवा. त्याच्या आड बूटचा क्रम पक्का करावा आणि पुढचे यूएसबी पोर्ट बंद करावेत, म्हणजे कोणी पेनड्राइव्ह लावून दुसरीच प्रणाली उठवणार नाही.

आणि हा पासवर्ड विसरला तर? मदरबोर्डवर दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची एक चिमुकली टोपी असते, तिला जंपर म्हणतात. पॉवरएजवर त्या जागेजवळ पासवर्डच्या जंपरचं नाव छापलेलं असतं. वीज पूर्ण तोडायची, झाकण काढायचं, टोपी ‘पासवर्ड बंद’ या जागेवर सरकवायची आणि मशीन एकदा सुरू करायचं. नुसती टोपी हलवून पासवर्ड जात नाही. त्या स्थितीत मशीन बूट झालं की मग तो पुसला जातो. पुढची पायरी लोक हटकून विसरतात: टोपी परत मूळ जागी ठेवायची. ती तशीच राहिली आणि नवा पासवर्ड लावला, तर पुढच्या बूटला तोही निघून जातो, आणि आपण कुलूप लावलंय याच समजुतीत राहतो.

म्हणजे पेचकस आणि दहा मिनिटं मिळाली की हे कुलूप निघतं. यात कंपनीचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्याचं मशीन आहे त्याला ते कायमचं बंद करून टाकता येऊ नये, हा या रचनेतला प्रामाणिक हेतू आहे. याउलट नव्वदच्या दशकातल्या अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये निर्मात्यांनीच एक सर्वांना चालणारा पासवर्ड ठेवला होता. तो बाहेर फुटला आणि जगभरच्या पीसींचं ते कुलूप नावापुरतं उरलं. जंपरसाठी निदान मशीनजवळ यावं लागतं. म्हणून रॅकचं दार, खोलीची कडी आणि झाकण उघडल्याची नोंद ठेवणारा आतला स्विच, हे सगळे पासवर्डचेच भाग धरायला हवेत.

पण चोराने झाकण न उघडता पुढून डिस्कच ओढून नेली तर? फर्मवेअरचे दोन्ही पासवर्ड मशीनपाशीच राहतात, डिस्क दुसरीकडे खुशाल वाचली जाते. त्यासाठी डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध हवा, आणि इथे टीपीएम नावाची चिप कामाला येते. सुरू होताना फर्मवेअरचा प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा ठसा घेऊन या चिपमध्ये नोंदवतो. सगळे ठसे नेहमीसारखे जुळले तरच चिप डिस्कची किल्ली देते, आणि तीही माणसाला न विचारता. सिस्टम पासवर्डकडून मला जे हवं होतं, ते सर्व्हरला न अडवता इथे मिळतं. मात्र बायोस अद्ययावत केलं किंवा सुरक्षेचं एखादं सेटिंग बदललं की ठसे बदलतात, आणि डिस्क कूटबद्ध करणारं विंडोजचं बिटलॉकर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत उभं राहतं. असं काही करायच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करावं आणि ती की त्या सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी लिहिलेली असावी.

एक मागचं दार अजून राहिलं. सर्व्हरच्या आत एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. मुख्य मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला असेपर्यंत तो जागा असतो. नेटवर्कवरून त्याच्यात शिरलं की दूर बसून सर्व्हरची स्क्रीन दिसते, एफ२ दाबता येतं, बटणही दाबता येतं. जुन्या पॉवरएजवर त्याचं युजरनेम रूट आणि पासवर्ड कॅल्विन असायचा, प्रत्येक मशीनला तोच, आणि हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये छापलेलं. नंतरच्या पिढ्यांत प्रत्येक सर्व्हरला वेगळा पासवर्ड देऊन तो पुढच्या सरकपट्टीवर चिकटवायला सुरुवात झाली. पण जुनी मशीन अजून हजारो ठिकाणी राबतायत. फर्मवेअरचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला आणि इथे कॅल्विन तसाच राहिला, तर पाहुण्यासाठी खिडकी उघडीच आहे.

त्या पतसंस्थेत आता सेटअप पासवर्ड आहे. तो बंद पाकिटात, व्यवस्थापक आणि एक संचालक यांच्या सह्या घेऊन, तिजोरीत ठेवलाय. सोबत प्रत्येक सेटिंग पानाचा फोटो छापून ठेवलाय. दरवर्षी मेअखेर, पाऊस यायच्या आधी, कामकाज संपल्यावर आणि बॅकअप घेतल्यावर आम्ही सर्व्हर रीतसर बंद करतो, प्लग काढतो, पाच मिनिटं थांबतो आणि परत लावतो. मग कोणीही कशाला हात लावायचा नाही. पंखे ओरडतात, शांत होतात, स्क्रीन बराच वेळ काळी राहते. काउंटरच्या संगणकावर लॉगिनची चौकट परत दिसली की व्यवस्थापक वहीत वेळ लिहितात.