सुरक्षा तपाससूची

कामाला हात घालण्यापूर्वी किंवा शिफ्ट बदलताना धोक्याच्या कोणत्या जागा पाहायच्या, हे आधी ठरवून लिहिलेली आणि पाहणाऱ्याने जागेवरच भरायची यादी. गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत तिला सगळे ‘चेकलिस्ट’च म्हणतात, तपाससूची हा शब्द सरकारी कागदावर भेटतो.

अशा यादीची पाळंमुळं विमानात आहेत. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल 299’ विमान उडताच कोसळले. वैमानिक मुरलेला होता, पण उभ्या विमानाचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली अडकण काढायची राहिली होती. वैमानिकांच्या छोट्या याद्या त्यानंतर रूढ झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी काढलेली यादी 19 मुद्द्यांची आहे. यादी अडाण्यांसाठी असते, हा समज म्हणूनच चुकीचा.

कारखान्यातल्या यादीतले बरेच प्रश्न म्हणजे कायद्याचीच कलमे. बंदिस्त टाकीत 24 व्होल्टच्या वरचा हातदिवा नको, दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी, उचल-यंत्रांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, हे सारे 1948 च्या कारखाने अधिनियमातून आलेले. कामाच्या जागच्या सुरक्षेबद्दलच्या 2020 च्या संहितेत असे 13 कायदे एकत्र आणले गेले, ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. गोव्यात या कामावर कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाची देखरेख असते. खाणींचा कारभार केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे.

यादी कशी लिहावी, हे गोव्यातला मे महिना चांगले शिकवतो. पावसाआधी वेर्णे, कुंडई इथल्या शेडींवर पन्हळी साफ करायला आणि फुटके पत्रे बदलायला माणसे चढतात. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो, पण माणसाचे वजन पेलत नाही. ‘छपरावरचे काम सुरक्षित आहे का?’ असे विचारले तर खाली खुर्चीत बसूनही ‘होय’ लिहिता येते. ‘पत्र्यावर आडवी शिडी टाकली का? पट्ट्याचा हुक कशाला अडकवला?’ या प्रश्नांना मात्र वर मान करून पाहावेच लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर टिक मारून भागत नाही, ते लिहावे लागते.

वास्कोच्या बाजूला जहाजदुरुस्तीत टाकीत उतरण्याआधी आतली हवा मोजतात, प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली असेल तर कुणाला आत सोडत नाहीत. गोची होते ती जेवणाच्या सुट्टीनंतर. सकाळचा आकडा कागदावर असतो, पण आतल्या रंगाची वाफ तासाभरात साचलेली असते. म्हणून चांगल्या यादीत सुट्टीनंतरच्या मोजणीला वेगळा रकाना असतो. वेल्डिंग संपल्यावर ठिणगीवर लक्ष ठेवणारा माणूस अर्धा तास तरी जागचा हलू नये, हाही प्रश्न तिथलाच.

अडचण भाषेचीही आहे. यादी इंग्रजीत छापलेली, सावंतवाडी-दोडामार्गहून येणारा कामगार मराठी वाचणारा, शेजारचा ओडिशाचा. मग सुपरवायझर एकटाच सगळ्यांच्या वतीने भरतो. आठवड्याचा कागद हातात घेतला आणि सातही दिवसांच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या दिसल्या, की तो शनिवारी एका बैठकीत भरला हे ओळखायला तपासनीस व्हावे लागत नाही. अशी यादी नसलेली बरी. ती काम झाल्याचा खोटा पुरावा तेवढा मागे ठेवते.

धोका मुळातून काढणे किंवा यंत्राला जाळी बसवणे हे यादीच्या आधीचे काम. यादी फक्त माहीत असलेल्या धोक्यांबद्दल विचारते. कोपऱ्यात तिच्या सुधारणेची तारीख छापलेली असते. ती चार वर्षांपूर्वीची असेल आणि मध्यंतरी शेडमध्ये नवा बॉयलर आला असेल, तर तिच्यात बॉयलर नाही.