ठासणीचे रिव्हॉल्वर : नेमबाजी आणि निगा

काडतूस न वापरता सुटी काळी दारू, शिशाची गोळी आणि केप (आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी टोपी) यांवर चालणारे फिरत्या सिलिंडरचे हातशस्त्र. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. हे रिव्हॉल्वर सिलिंडरच्या पुढच्या बाजूने भरतात. सिलिंडरला पाच किंवा सहा घरे असतात. प्रत्येक घराच्या मागे ‘निपल’ नावाची पोकळ नळकांडी आणि तिच्यावर तांब्याची छोटी केप बसते. घोडा केपवर आपटला की ठिणगी निपलमधून घरातल्या दारूपर्यंत पोचते. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार ज्या प्रसंगावरून आला, तो या छंदात नेहमीचाच.

सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत पेटंट घेतले ते १८३६ मध्ये. त्याच्या कारखान्याची १८५१ ची .३६ (नळीचे इंचातले नाममात्र माप) ‘नेव्ही’ व १८६० ची .४४ ‘आर्मी’ आणि रेमिंग्टनचे १८५८ च्या पेटंटचे .४४ ही या वर्गातली सर्वाधिक परिचित मॉडेले होत. इंग्लंडच्या रॉबर्ट ॲडम्सची रिव्हॉल्वरे १८५७ च्या धामधुमीत हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. आज जगभर रेंजवर दिसणारी बहुतेक रिव्हॉल्वरे मात्र जुनी नसतात. इटलीतल्या ब्रेशिया प्रांतातले उबेर्ती आणि पिएत्ता हे कारखाने त्यांच्या प्रतिकृती बनवतात. नाशिकमध्ये जुन्या हातबंदुकीचा विषय निघाला की २१ डिसेंबर १९०९ आणि विजयानंद नाट्यगृह हमखास आठवते. पण तिथे कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांच्या हातात होते ते ब्राउनिंग पिस्तूल. ते धूररहित दारूच्या काडतुसावर चालते, त्याचा या वर्गाशी संबंध नाही.

कोल्ट आणि रेमिंग्टन यांतला फरक सांगाड्यात आहे. कोल्टचा सांगाडा वरून उघडा असून नळी एका आडव्या पाचरीने मधल्या जाड आसावर अडकवलेली असते. पाचर काढली की नळी आणि सिलिंडर हातात येतात, म्हणून सफाई सोपी. पण पाचर किती ठोकायची हे कळावे लागते. काही प्रतिकृतींत आस किंचित आखूड असतो. त्यात पाचर जोरात ठोकली की नळी मागे सरकते, सिलिंडरला घासते आणि घोडा ओढताना सिलिंडर अडतो. अंगठ्याने दाबून, फार तर लाकडी मोगरीच्या हलक्या टिचकीने बसेल इतकीच ती घट्ट असावी. रेमिंग्टनचा सांगाडा वरून बंद, त्यामुळे मजबूत. पण सिलिंडरचा आस बारीक असल्याने दारूची काजळी त्याला लवकर जखडते. दोन-तीन सिलिंडर झाडले की आस ओल्या चिंधीने पुसावाच लागतो. पितळी सांगाड्याची स्वस्त कोल्ट प्रतिकृती दिसायला देखणी असते, पण भारी भरणीने तिचा सांगाडा हळूहळू ताणतो. तिला हलकाच बार द्यावा.

भरणी

आधी घरांतले तेल कोरड्या चिंधीने पुसतात. मग नळी निशाणाकडे ठेवून प्रत्येक रिकाम्या निपलवर एक-एक केप फोडतात, म्हणजे आत साठलेले तेल जळून जाते. पहिलाच बार न फुटण्याचे सर्वांत सामान्य कारण हे तेलच. घोडा अर्धा ओढला की सिलिंडर मोकळा फिरतो. दारू बारीक दाण्याची (तीन एफ) घेतात. .४४ साठी २२ ते ३० ग्रेन म्हणजे साधारण १.४ ते १.९ ग्रॅम, .३६ साठी १५ ते २० ग्रेन म्हणजे १ ते १.३ ग्रॅम. मोजमाप आकारमानाने, ठरलेल्या मापाच्या नळकांडीतून करतात. दारूच्या कुपीतून थेट घरात ओतण्याची सवय घातक आहे: आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर कुपी हातातच पेटते.

दारू घातल्यावर वंगणात भिजवलेली फेल्टची चकती आणि तिच्यावर शुद्ध, मऊ शिशाची गोळी येते. गोळी घरापेक्षा किंचित मोठी हवी: .४४ ला ०.४५१ किंवा ०.४५४ इंच, .३६ ला ०.३७५ इंच. नळीखालचा दांडा दाबला की गोळी आत जाताना शिशाची एक बारीक अंगठी सोलून बाहेर पडते. ही अंगठी पडली नाही तर गोळी लहान आहे असे समजावे आणि ती वापरू नये. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब अनियमित होऊन घर फुगू शकते. निशाणावरच्या नेमबाजीत दारू कमी, १५ ते २० ग्रेन घालून उरलेली जागा रव्याने भरतात. हो, शिऱ्याच्याच रव्याने. त्यामुळे गोळी घराच्या तोंडाशी येते आणि गट आवळतो, म्हणजे निशाणावरची छिद्रे जवळजवळ पडतात. केपा सर्वांत शेवटी, फायरिंग लाइनवर उभे राहून, नळी निशाणाकडे असतानाच बसवतात. क्रमांक १० की ११ हे निपलवर अवलंबून असते. सैल बसणारी केप चिमटीत किंचित चेपून घेतात.

धूररहित दारू या शस्त्रात चिमूटभरही चालत नाही. तिचा दाब पेलण्यासाठी हे पोलाद आणि ही रचना केलेलीच नाही.

काय बिघडते

एका बाराबरोबर शेजारची घरेही पेटणे हा सर्वांत धास्तीचा प्रकार. कारण पुढून की मागून यावर नेमबाजांत वाद आहे: काही जण लहान किंवा वाकड्या गोळीला दोष देतात, काही जण धक्क्याने निसटणाऱ्या सैल केपांना. दोन्ही घट्ट ठेवणे हाच व्यवहार्य उपाय. गोळीवर ग्रीस थापल्याने हा धोका टळतो असे सर्रास सांगितले जाते, पण ग्रीसचा मुख्य उपयोग काजळी मऊ ठेवण्याचा आहे.

फुटलेल्या केपेचे तुकडे कोल्टच्या उघड्या सांगाड्यात घोड्यापुढे पडून यंत्रणा अडकवतात. म्हणून घोडा ओढताना नळी आकाशाकडे झुकवण्याची पद्धत आहे, म्हणजे तुकडा मागे गळून पडतो. रेंजचा नियम तसे करू देत नसेल तर प्रत्येक बारानंतर नजर टाकावी. केप फुटून बार झाला नाही तर किमान एक मिनिट नळी निशाणाकडेच धरून थांबायचे, कारण दारू उशिरा पेटू शकते. त्यानंतर नवी केप. तरीही नाही तर निपल काढून मागून चार दाणे दारू घालून पुन्हा प्रयत्न करतात. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीत अडकली आहे असे धरावे आणि दुसरा बार मुळीच काढू नये. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून आग बाजूला फेकली जाते. डाव्या हाताची बोटे तिथे कधीच नकोत.

सफाई

काळ्या दारूच्या निम्म्याहून अधिक वजन जळल्यावर घन राखेच्या रूपाने मागे उरते. या राखेतले पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेते आणि पोलाद रात्रीतून गंजू लागते. छंदाचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर चालते: अर्धा तास बार, दीड तास धुणे, आणि तेही त्याच दिवशी. ही राख क्षारांची, पाण्यात विरघळणारी आहे. खनिज तेलाने ती निघत नाही. उलट तेल आणि काजळी मिळून डांबरासारखा थर बसतो. नवशिक्याची पहिली चूक बहुधा हीच.

नळी, सिलिंडर वेगळे करून, मूठ काढून, पान्याने निपले सोडवून सगळे धातूचे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांसह बुडवतात. पाणी उकळते नको: धातू झपाट्याने वाळतो खरा, पण वाळतानाच त्यावर तांबूस पापुद्रा चढतो. नळीतून ब्रश, मग ओल्या चिंध्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत. निपलच्या भोकातून बारीक तार. घोड्याखालची पोकळी आणि सिलिंडर अडवणारी खिटी यांकडे दुर्लक्ष होते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. पूर्ण वाळवल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. निपलच्या आट्यांना मात्र जाड ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी निपल हलतच नाही.

वंगण घरीच करतात: मधमाश्यांचे मेण आणि चरबी वितळवून. प्रमाण हवेवर ठरते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात मऊ वंगण पाघळून दारूत उतरते आणि बार फुसका जातो, म्हणून मेण वाढवावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेच वंगण खडूसारखे ठिसूळ होते. जून ते सप्टेंबर शस्त्र चामड्याच्या खोळीत ठेवू नये, चामडे ओल धरते. सुती कापडात, कोरड्या लाकडी पेटीत ठेवावे आणि पंधरवड्याने उघडून पाहावे.

भारतात

शस्त्र कायदा, १९५९ नुसार चालू स्थितीतले रिव्हॉल्वर, मग ते ठासणीचे का असेना, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. नाशिक शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्याच्या उर्वरित भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. केपा आणि दारूही परवान्यावरच्या मर्यादेतच. कलम ४५ मधली पुरातन शस्त्राची सूट पुष्कळांना चुकीची ठाऊक असते: नुसते जुने असून भागत नाही, दुरुस्त करूनही ते झाडता येणार नाही अशा अवस्थेत असावे लागते. या चौकटीमुळे नाशिकमध्ये या छंदाची बाजू नेमबाजीपेक्षा जतनाकडे झुकलेली आहे.

जुन्या नाशिकातल्या किंवा पंचवटीतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असे शस्त्र सापडले तर ते भरलेले आहे असेच धरावे. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटते. घोडा ओढून पाहू नये, तेल ओतून ठोकाठोक करू नये, ते उचलून ठाण्यात नेण्याचीही घाई नको. जागच्या जागी राहू द्यावे आणि पोलिसांना तिथेच बोलवावे. बाजूने पाहिल्यावर निपलवर हिरवट पडलेली केप दिसली तर अंतर आणखी वाढवावे.