किंग्सली मळ्यातली ३२ घरं

फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज बेट आहे. झेफनाया किंग्सली १८१४ मध्ये इथं राहायला आला तेव्हा फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होतं. त्याची पत्नी ॲना मूळची सेनेगलची, आधी त्याचीच गुलाम. मळ्यात लांब धाग्याचा सी आयलंड कापूस पिके. तो पिकवणाऱ्या गुलामांची ३२ घरं मालकाच्या वाड्यापासून सुमारे ३०० मीटरवर, अर्धवर्तुळात. आज त्यांतल्या २५ घरांचे अवशेष उभे आहेत.

अमेरिकेत अशा मळ्यांवर जपला गेला तो वाडा. मागची वस्ती पडत राहिली. इथं भिंती टॅबीच्या, म्हणजे शिंपल्या आणि चुन्याच्या काँक्रीटसारख्या मिश्रणाच्या, म्हणून उरल्या. १९५५ मध्ये जागा राज्याकडं आली आणि १९६८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चार्ल्स फेअरबँक्स यांनी इथं उत्खनन केलं. गुलामांच्या घरांचं शास्त्रीय उत्खनन तोवर जवळपास कुणी केलंच नव्हतं. आफ्रिकी चालीरीतींच्या खुणा मिळतील ही त्यांची अपेक्षा मात्र फारशी पुरी झाली नाही.

त्यांचा प्रश्न चुकला नव्हता, खोदकाम मोजक्या घरांपुरतं होतं. २००६ पासून फ्लोरिडा विद्यापीठाच्या चमूनं पुन्हा खोदलं, तेव्हा एका घराच्या जमिनीखाली अख्खी पुरलेली कोंबडी सापडली. खरकटं असतं तर हाडं सुटी, तुटलेली मिळाली असती. इथं सांगाडा जागच्या जागी होता, म्हणजे कोंबडी मुद्दाम पुरली होती, फेअरबँक्स शोधत होते तशी खूण. पुढं दफनभूमीही सापडली. अशा वस्तीत घराइतकंच अंगण महत्त्वाचं. रोज झाडलेल्या अंगणात मधोमध काही उरत नाही, कचरा कडेला जमतो, त्यामुळं चाचणीचे खड्डे कडेपर्यंत न्यावे लागतात. नेहमीची ६ मिलिमीटरची चाळण काचेचे बारीक मणी सोडून देते. चुलीजवळची माती बारीक जाळीतून पाण्यानं धुवावी लागते.

टॅबी म्हणजे कालवांच्या शिंपल्या जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या, साधारण समभाग. कोकण-गोव्यात शिंपल्यांचा चुना ओळखीचा आहे, पण तिथं तो दगड-चिऱ्याच्या सांध्यात जातो. इथं भिंतच त्याची. फळ्यांच्या साच्यात मिश्रण ठासायचं, दोन-तीन दिवसांनी साचा काढून वर चढवायचा. थरांच्या आडव्या रेघा आणि खुंट्यांची भोकं अजून दिसतात.

शिंपल्या आल्या त्या इथल्या मूळच्या टिमुकुआ लोकांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी टाकलेल्या जुन्या ढिगांतून. ताज्या शिंपल्यांतलं मीठ भिंतीला लोणा आणतं. शतकानुशतकांच्या पावसात धुतलेल्या चालतात. पण त्यांच्याबरोबर जुनी खापरंही भिंतीत आली. भिंत ढासळली की ती घराच्या मातीत मिसळतात आणि थराचा काळ ठरवताना घोटाळा करतात.

डागडुजीत घातक ठरतं ते सिमेंट. ते टॅबीपेक्षा कडक, ओल बाहेर सोडत नाही. मागं साठलेल्या ओलीतलं मीठ स्फटिक धरतं आणि ठिगळाशेजारची मूळची टॅबी पापुद्र्यांनी सुटते. ठिगळ तसंच राहतं. १९९१ पासून मळा नॅशनल पार्क सर्व्हिस या अमेरिकी सरकारी संस्थेकडं आहे. एका घराला छप्पर घालून ते पूर्ववत केलंय. बाकीच्यांच्या भिंती उघड्या. तिथं पाणी माथ्यावरून शिरतं, त्यामुळं आधी माथ्याला चुन्याचा उतार द्यायचा, भेगा नंतर बुजवायच्या.